म्हाताऱ्या कुत्र्यासाठी एक दालन
महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरूंना खुले पत्र

मा. कुलगुरू,
महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, नागपूर



नागपुरात कुत्र्यांविषयी काही लिहायचे म्हटले की पत्र आपोआप महापालिका आयुक्तांच्या नावाने निघते. कारण कुत्र्यांची चर्चा या शहरात दोनच अंगांनी होते: ती किती झाली आणि कोणाला चावली. ऑक्टोबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सार्वजनिक जागी मोकाट कुत्र्यांना खाऊ घालण्यास मनाई केली. खाऊ घालायचे तर आधी दत्तक घ्या, नाहीतर दोनशे रुपयांपर्यंत दंड भरा, असे सांगितले. पुढच्याच महिन्यात दत्तकाच्या त्या अटीला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. मार्च २०२३ मध्ये प्राणी जन्म नियंत्रणाचे नवे नियम आले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा सारा विषय देशपातळीवर हाती घेतला. या सगळ्या वादात कुत्र्याचा जन्म आहे, त्याची नसबंदी आहे, त्याचे खाणे आहे, त्याचा चावा आहे. त्याचे म्हातारपण आणि मरण मात्र जवळजवळ कुठेच नाही. हा भाग आयुक्तांच्या अखत्यारीतला कमी आणि तुमच्या विद्येचा जास्त आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला. मागणी एकच आहे. सेमिनरी हिल्सवरच्या नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात म्हाताऱ्या आणि बरे न होणाऱ्या कुत्र्यांसाठी एक स्वतंत्र दालन असावे. वेदना कमी करणे, घरच्या माणसांना शुश्रूषा शिकवणे आणि खरोखर वेळ आलीच तर शांत मरण देणे, ही तिन्ही कामे त्या एका छपराखाली व्हावीत.

हा प्रश्न आजच का, असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर तुमच्याच व्यवसायाच्या यशात आहे. एका पिढीपूर्वी पाळलेली कितीतरी कुत्री म्हातारी होतच नसत. डिस्टेंपर त्यांना पिल्लूपणीच नेई. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेल्या पार्व्होने त्यात भर घातली. उरलेली गोचीडताप आणि रेबीज यांच्या तावडीत सापडत. लसीकरण घराघरांत पोहोचले, गावोगावी पशुवैद्य झाले, आणि लॅब्रॅडोर, पॉमेरेनियन, जर्मन शेफर्ड दहा-बारा वर्षांचे होऊ लागले. लहान जातींची कुत्री तर त्याच्याही पुढे जातात. आता ती मरतात ती मूत्रपिंड निकामी होऊन, हृदय थकून, स्तनाच्या किंवा प्लीहेच्या गाठींनी, सांधे धरून. ही मरणे चार दिवसांत उरकत नाहीत, महिनोन्महिने चालतात. त्यात टाळेबंदीच्या काळात शहरी घरांत पिल्लू आणण्याची जी लाट आली होती, तिचा हिशेब अजून व्हायचा आहे. २०२० मध्ये आणलेले पिल्लू २०३० मध्ये दहा वर्षांचे होईल. धरमपेठेपासून मानेवाड्यापर्यंतच्या फ्लॅटांतून त्या सुमारास एकदम मोठ्या संख्येने म्हातारी कुत्री दवाखान्यांच्या दारात येतील. लस देऊन आयुष्य वाढवणाऱ्या विद्येने त्या वाढलेल्या आयुष्याच्या शेवटाची तयारी केली पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

त्या शेवटाविषयी पहिली अडचण अशी की तो दिसत नाही. कुत्रा वेदना लपवतो. विव्हळतो तो अचानक दुखले तर. रोजच्या दुखण्यात तो गप्प होतो. रात्री जागा बदलत राहतो, बसताना आधी दोनदा फिरतो, एकाच सांध्याला चाटत राहतो, गार फरशीवरही धापा टाकतो, जिना आला की थबकतो. घरातले लोक म्हणतात, वय झाले आता. वय झाले हे खरेच, पण वय हा रोग नव्हे, आणि दुखणाऱ्या सांध्याला वेदनाशामक देता येते. इथे दुसरी अडचण सुरू होते. ज्याला कुत्र्याचे दुखणे कळते, तो पुष्कळदा घरातल्याच डब्यातली गोळी देतो. माणसाची आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या पोटात व्रण करते, मूत्रपिंड बसवते. पॅरासिटामॉलची मात्रा जास्त झाली तर यकृत जाऊ शकते. डायक्लोफेनॅकचे नाव विदर्भाला नवे नाही. गुरांना दिलेल्या याच औषधाने गिधाडे संपत आली, म्हणून जनावरांसाठीचे त्याचे उत्पादन देशात २००६ साली बंद करण्यात आले. माणसांच्या औषध दुकानात ते आजही सहज मिळते आणि मायेपोटी कुत्र्याच्या तोंडात जाते. कुत्र्यांसाठीची मेलॉक्सिकॅमसारखी औषधे आहेत, पण ती रक्त तपासून, वजन पाहून, मूत्रपिंडाची स्थिती बघून द्यावी लागतात आणि दर काही आठवड्यांनी पुन्हा तपासावे लागते. एका भेटीत चिठ्ठी लिहून संपणारे हे काम नाही. सर्वसाधारण बाह्यरुग्ण विभागात लस, जुलाब, अपघात अशी रांग लागलेली असते. या कामाला हवा असलेला वेळ त्या रांगेत कोणताही डॉक्टर कुठून काढणार?

आणि नागपूरचे ऊन. २३ मे २०१३ रोजी या शहराने ४७.९ अंश सेल्सियस पाहिले आहे. नवतप्याच्या दिवसांत धडधाकट माणूसही घराबाहेर पडत नाही. कुत्र्याला घाम येऊन शरीर गार करता येत नाही, त्याचा सारा भरवसा धापांवर असतो. म्हाताऱ्या लॅब्रॅडोरच्या घशाचे स्नायू पुष्कळदा सैल पडतात आणि धाप लागली की श्वासच अडतो. ज्याची मूत्रपिंडे अर्ध्याहून अधिक गेली आहेत त्याला एक दुपार पाणी कमी पडले तरी तो खाली घसरतो. जो उठू शकत नाही त्याच्यावर ऊन सरकत आले तरी तो सरकू शकत नाही. यातले बरेचसे घरच्या घरी सांभाळता येते: कातडीखाली सलाईन देणे, दर तीन-चार तासांनी कूस बदलणे, कोपरांना चट्टे पडू नयेत म्हणून जाड गादी घालणे, लघवीची जागा कोरडी ठेवणे, कूलरचा झोत थेट अंगावर न सोडता खोली गार राखणे. ही शिकवण्याची गोष्ट आहे. दोन तासांच्या प्रशिक्षणात ती कुठल्याही घरातल्या माणसाला येईल. शिकवणारे कोणी नसल्याने लोक रोज कुत्र्याला उचलून गाडीत घालतात, भर दुपारी शहर ओलांडतात, सलाईन लावून परत आणतात, आणि त्या फेऱ्यांनीच त्याचा उरलेला जोर संपतो.

आता शेवटच्या इंजेक्शनाकडे येतो. लोक त्याला 'झोपवणे' म्हणतात. या पत्रावर सर्वांत तीव्र आक्षेप इथेच येतील. पहिला आक्षेप गैरवापराचा. असे दालन उघडले तर कंटाळलेले मालक म्हातारी कुत्री तिथे आणून टाकतील, असे म्हटले जाईल. ही भीती खोटी नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात भुकेने किंवा तहानेने यातना होतील अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे हा गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये, म्हणजे जेमतेम एका तर्री-पोह्याच्या प्लेटीएवढा. अशा कायद्याला कोण भिणार? पण गैरवापर आज होत नाही असे कोण म्हणेल? तो आज होतो, फक्त कोणाला न दिसता होतो: कुत्रा रिंग रोडवर सोडला जातो, किंवा एखाद्या डॉक्टरवर दबाव आणून बरा होणारा प्राणीही झोपवला जातो. दालनाचे निम्मे काम तर 'अजून नाही' असे सांगण्याचे असेल. मरणासन्न दिसणारे सगळेच कुत्रे मरणासन्न नसतात. आपल्याकडच्या कुत्र्यांत जननेंद्रियांवर होणारी संसर्गजन्य गाठ पाहणाऱ्याला भयंकर वाटते, रक्त ठिबकत असते, वास मारत असतो. पण व्हिन्क्रिस्टीनच्या आठवड्याला एक अशा काही इंजेक्शनांनी ती बहुतेक वेळा पूर्ण विरते. पावसाळ्यात जखमेत अळ्या पडलेला कुत्रा बघवत नाही, आणि तोही बहुधा वाचतो. उलट स्वच्छ, देखणा, शेपटी हलवणारा एखादा कुत्रा आतून संपलेला असतो. म्हणून नजरेवर न जाता मोजून ठरवावे लागते. अमेरिकेतल्या पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांनी २००४ मध्ये यासाठी एक मोजपट्टी मांडली. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस अधिक आहेत का, अशा सात बाबींना प्रत्येकी शून्य ते दहा गुण. बेरीज पस्तीसच्या वर असेल तर सेवा चालू ठेवावी. आकडे काही देववाणी नव्हेत, पण घरात तिघांची तीन मते असताना दर आठवड्याला एका कागदावर ते लिहिले की भांडण थांबून बोलणे सुरू होते. ही पट्टी सोप्या मराठीत, विदर्भाचा उन्हाळा लक्षात घेऊन, तुमच्या विद्यापीठाने तयार करावी.

दुसरा आक्षेप त्याहून खोल आहे: जीव घेण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? दत्ताच्या पायाशी कुत्री बसवणाऱ्या आणि पांजरपोळ चालवणाऱ्या समाजात हा प्रश्न विचारला जाणारच, आणि तो विचारणाऱ्यांना मागासलेले म्हणून उडवून लावणे मला उद्धटपणाचे वाटते. पण याचे एक उत्तर अहिंसेच्या घरातूनच आलेले आहे. १९२८ मध्ये साबरमती आश्रमातले एक वासरू असाध्य दुखण्याने तडफडत होते. उपाय उरला नाही असे डॉक्टरांनी सांगितल्यावर, आश्रमातल्या मंडळींशी चर्चा करून, गांधीजींनी डॉक्टरांकरवी त्याला इंजेक्शन देववून मरण दिले. देशभरातून संतापाची पत्रे आली. गांधीजींनी ते लपवले नाही, लेख लिहून समर्थन केले आणि त्याच लेखात दुसरे उदाहरण घेतले, शेतीची नासाडी करणाऱ्या माकडांचे. माकडांना मारणे आपल्या लाभासाठी असेल म्हणून ती हिंसा, आणि वासराला मरण देणे त्याच्या सुटकेसाठी होते म्हणून ती हिंसा नव्हे, अशी ती रेघ होती. इंजेक्शन कोणासाठी, प्राण्याच्या सुटकेसाठी की आपल्या सोयीसाठी, ही कसोटी आजही पुरते. याच्या विरुद्ध बाजूला आपल्याच शेजारच्या पवनारचे विनोबा आहेत. १९८२ साली त्यांनी अन्न आणि औषध सोडून स्वतःच्या निर्णयाने देह ठेवला. कुत्रा असा निर्णय घेऊ शकत नाही, संमती देऊ शकत नाही, हे खरे आणि जड सत्य आहे. मात्र त्याचे खाणे, त्याची साखळी, त्याची नसबंदी, त्याचे प्रजनन हे सारे आपणच त्याच्या संमतीविना ठरवलेले असते. शेवटच्या आठवड्यात मात्र हात झटकून 'निसर्गावर सोडतो' म्हणणे म्हणजे निर्णय घेण्याचे टाळून त्याची किंमत त्याच्याकडून वसूल करणे. ज्या घराला हे इंजेक्शन कधीच मान्य नाही त्या घरावर ते लादण्याचा प्रश्नच नाही. त्या कुत्र्याला शेवटच्या श्वासापर्यंत वेदनाशामक मिळावे, आणि तीही याच दालनाची जबाबदारी असावी.

आपल्या नियमांत इथे एक विचित्र विषमता आहे, ती तुम्हाला माहीतच असेल. २०२३ च्या नियमांप्रमाणे रस्त्यावरचा कुत्रा असाध्य आजारी किंवा प्राणांतिक जखमी असेल तर ते निदान नेमलेल्या पथकाने करायचे असते. मरण पात्रताधारक पशुवैद्याने सोडियम पेंटोबार्बिटालने किंवा दुसऱ्या मान्य पद्धतीने द्यायचे असते, दुसऱ्या कुत्र्यासमोर द्यायचे नसते, आणि विल्हेवाटीआधी मृत्यूची खात्री करायची असते. घरच्या कुत्र्याच्या वाट्याला एवढेही पथक येत नाही. मालकाचा शब्द आणि समोर बसलेला एकटा डॉक्टर! तो डॉक्टर साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम शिकून आलेला असतो, त्यात पान्हा, प्रसूती, पोटफुगी सगळे असते. रडणाऱ्या कुटुंबाला 'आता थांबूया' कसे सांगायचे याचा सराव मात्र त्याला कोणी दिलेला नसतो. ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया इथल्या अभ्यासांत पशुवैद्यांमधले आत्महत्यांचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा जास्त आढळले आहे. कारणे अनेक असतील, पण हा एकटेपणा त्यात नसेल असे वाटत नाही. दोन पशुवैद्यांची सही, लेखी नोंद आणि कुटुंबाशी शांतपणे बोलायला एक खोली, एवढ्यानेही त्या डॉक्टरचा भार निम्म्यावर येईल.

औषधाचा मुद्दा नाजूक आहे, तरी सांगायला हवा. पेंटोबार्बिटाल अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आहे, त्यामुळे लहान दवाखान्याला ते बाळगणे अवघड जाते. मग पर्याय शोधले जातात. पूर्ण भूल देऊन नंतर हृदय थांबवणारे क्षार शिरेत देणे शास्त्राला मान्य आहे. शुद्धीत असलेल्या प्राण्याला तेच क्षार देणे म्हणजे यातना, आणि ते शास्त्राला मान्य नाही. बाहेरून बघणाऱ्या मालकाला दोन्हींतला फरक कळत नाही. म्हणून आधी शामक, मग खोल भूल, मग शेवट, या क्रमाची लेखी पद्धत विद्यापीठाने ठरवून राज्यभरातल्या पदवीधरांना द्यावी, आणि परवाना, साठा, नोंदवही हे ओझे सार्वजनिक रुग्णालयाने उचलावे. मृतदेहाचेही तेच. पेंटोबार्बिटाल मेलेल्या शरीरात तसेच राहते. असा देह भांडेवाडीच्या कचऱ्यात उघडा पडला तर घारी, कावळे आणि इतर कुत्री त्याने मरू शकतात. पेंचमध्ये गिधाडे पुन्हा वसवण्याची धडपड सुरू असताना डायक्लोफेनॅकचा धडा दुसऱ्या औषधाने गिरवणे परवडणार नाही. मुंबई महापालिकेने २०२३ मध्ये मालाडला लहान प्राण्यांसाठी गॅसवर चालणारी दहनभट्टी सुरू केली. नागपूर महापालिकेशी करार करताना तो नमुना समोर ठेवता येईल.

राहिला आक्षेप 'आधी माणसांचे बघा' हा. असाध्य रुग्णांच्या शुश्रूषेसाठीचे देशातले पहिले हॉस्पिस, वांद्र्याचे शांती अवेदना सदन, १९८६ मध्ये उघडले, आणि आजही असंख्य माणसे वेदनाशामक न मिळता मरतात, हे मान्य. पण तुमच्या रुग्णालयातला पशुवैद्य मेडिकल कॉलेजमधल्या रुग्णाच्या वाट्याचा नाही, त्याला तिकडे पाठवून माणसाची वेदना कमी होणार नाही. आणि पैशाच्या प्रश्नाला तर माणसांच्याच शुश्रूषेने उत्तर दिले आहे. १९९३ मध्ये कालिकतमध्ये सुरू झालेले वेदनाशमनाचे काम केरळभर पसरले ते इमारतींमुळे नाही. घरी जाणारी परिचारिका आणि शेजारपाजारचे प्रशिक्षित स्वयंसेवक यांच्या बळावर ते उभे राहिले. तुमच्याकडे तर स्वयंसेवकांपेक्षा चांगले मनुष्यबळ आहे: शेवटच्या वर्षाचे प्रशिक्षणार्थी डॉक्टर. एका अध्यापकाच्या देखरेखीखाली त्यांच्या दोघा-दोघांच्या जोड्या घरभेटीला गेल्या तर वाहन आणि औषध एवढाच खर्च. ज्यांना परवडते ते शुल्क देतील. जखमी वन्यप्राण्यांसाठी वन विभागाचे उपचार केंद्र याच सेमिनरी हिल्सवर चालते आणि त्याचा नागपूरकरांना अभिमान आहे. बिबट्याला जे मिळते त्याचा अंश कुत्र्याला मिळावा, ही मागणी अवाजवी नसावी. शिवाय कोणत्या वयात, कोणत्या रोगाने, किती दिवस झिजून इथली कुत्री मरतात याची नोंद या दालनात आपोआप जमा होईल, आणि ती तुमच्या संशोधकांना दुसरीकडे कुठे मिळणार नाही.

यासाठी नवी इमारत, मंत्रालयातली फाईल, कोनशिला यांची वाट पाहू नये, अशी विनंती आहे. आठवड्यातला एक दिवस, एक खोली, एक अध्यापक, मराठीतला एक गुणतक्ता, शेवटच्या इंजेक्शनाची लेखी पद्धत आणि घरभेटीसाठी एक गाडी, इतक्यावर सुरुवात होऊ शकते, आणि ती येत्या नवतप्याच्या आधी व्हावी. वर्षभराचा अनुभव छापून परळ, परभणी, शिरवळ आणि उदगीरच्या महाविद्यालयांना पाठवावा. त्यासाठीचे परिपत्रक तुमच्या एका सहीने निघू शकते. ते काढावे.

आपला,
एक नागपूरकर